काकीला विचारायला पुण्याला

माझ्या धाकट्या काकांनी आयुष्यात एकही गोष्ट कुणाला विचारल्याशिवाय केली नाही, असं मी म्हटलं तर आमच्या गावात, गुंजवण्यात, आजही कुणी हरकत घेणार नाही. औताला जुंपण्याआधी ते बैलाला विचारायचे, "काय पावनं, चलायचं का?" बैलानं मान हलवली, की ती माशी उडवायला हलवलीय हे आम्हां सगळ्यांना दिसत असूनही काका जू खाली ठेवून घरी यायचे. ऐन चिखलणीच्या दिवसांत गावभरच्या खाचरांतून औतं फिरत असायची आणि आमचा बैल गोठ्यात निवांत रवंथ करत असायचा. गोठ्यावर वाकलेला आंबा तोडायला गेले, तेव्हा कुऱ्हाड बुंध्याशी टेकवून आधी त्यालाच विचारलं. आंबा काही बोलला नाही. "व्हय म्हनला न्हाई, म्हंजी न्हाईच की," असं सांगून काका परत आले, आणि त्याच्या फांदीनं फोडलेल्या कौलांखाली पुढं कित्येक पावसाळे आमच्या म्हशी भिजल्या. भाताच्या कणगीमागं धामण निघाली तेव्हा बाकीचे काठ्या शोधत होते आणि काका उकिडवे बसून तिला विचारत होते, "जातीस का ऱ्हातीस?" ती राहिली. माझी आई तेव्हापासून भात काढायला एकटी जात नसे.

अशा माणसानं जिला कधीच काही विचारलं नव्हतं अशी घरात एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे माझी काकी. त्यात काकांचा दोष नव्हता. आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या देखत नवऱ्यानं बायकोशी बोलणं हा आमच्याकडं निव्वळ निर्लज्जपणा. आणि आबांची बाज ओसरीवर अशा जागी होती, की चूल, गोठा आणि अंगण या तिन्ही ठिकाणचं त्यांना बसल्या जागी ऐकू यायचं. तेव्हा दोघांचं बोलणं चाले ते मुलांच्या मार्फत. काका पायरीवर बसून धाकट्याला म्हणायचे, "तुज्या आईला सांग, पानी तापीव." दोन हातांवर चुलीपाशी बसलेली काकी त्याच पोराला म्हणायची, "तुज्या बाला सांग, तापलंय." पोरगं आपलं गोट्या खेळत असायचं, त्याला तोंडसुद्धा उघडावं लागत नसे. असा सोळा वर्षांचा संसार झाला होता.

कोयनेचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी पुण्यात एका छापखान्यात कामाला होतो आणि पेठेत एका खोलीत राहत होतो. एका दुपारी दार उघडलं तर समोर काका, त्यांच्या मागं डोईवर पदर घेतलेली काकी, आणि तिच्या मागं कुणीच नाही. आमच्याकडची बाई मुलं घरी ठेवून गाव सोडते ती मयताला, नाहीतर दवाखान्यात.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई."

"मग काकीला काय झालंय?"

"काय बी न्हाई. अजबखानं बगाया आलोय. दोगंच."

मी दाराची चौकट धरली. भूकंपानं आमच्या घराची एक भिंत तडकली होती, पण "हिला घिऊन पुन्याला जाऊन येऊ का?" असं काकांनी आबांना विचारलं तेव्हा घर त्याहून जास्त हादरलं, असं आई पुढं सांगायची. आबांच्या तोंडून शब्द फुटेना. आंब्याच्या गप्प बसण्याला नकार समजणाऱ्या काकांनी आबांच्या गप्प बसण्याला मात्र होकार धरला, मुलं आईच्या हवाली केली आणि यस्टी गाठली. मागं गावात तर्काला ऊत आला. कुणी म्हणालं काकीला वेड लागलंय, कुणी म्हणालं काकांना. दुसऱ्या तर्काला जोर जास्त होता.

काकी स्टोव्हवर चहा ठेवत होती तेव्हा काकांनी मला जिन्यात नेऊन खरं कारण सांगितलं. थोरल्या पोरीला स्थळ आलं होतं. शिवऱ्याचा बिजवर, सडकेला लागून घर, बागायत, आणि वयानं काकांच्याच जोडीचा. पोरीला पंधरावंसुद्धा पुरतं लागलं नव्हतं. आबांना स्थळ पसंत होतं आणि शुक्रवारी सुपारी फुटायची होती.

"म्या बैलाला इचारतो," काका म्हणाले, "आन पोरीच्या आईला न्हाई इचारायचं? घरात इचारायला जागा न्हाई रं."

"पण मग अजबखाना कशाला? बागेत बसा, सिनेमाला जा."

काका माझ्याकडं बघतच राहिले. "बागंत? हिला घिऊन? लोकं काय म्हनतील! देवळात जावं तर निम्मा येल्हे तालुका तितं घावतो. अजबखान्यात वळकीचं कुनी भेटत न्हाई. समदी मेलेली."

छापखान्यातून रजा काढून मी त्यांच्याबरोबर निघालो. पहिल्याच संग्रहालयात दाराशी दोघांनी चपला काढल्या, आणि तिथला पहारेकरी नको नको म्हणत असताना काकीनं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. आत भिंतीवर जुन्या सरदारांच्या तसबिरी होत्या, पगड्या, मिशा आणि करडे डोळे. काकीनं झटकन पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं पाठ करून उभी राहिली. "अगं काकी, बघ की!" मी म्हणालो. ती पुटपुटली, "थोरली मानसं हाईत. त्यांच्या तोंडाकडं कसं बगायचं?" ते वारून शेदोनशे वर्षं झाली असतील, हे मी सांगितलं. "मंग तर लईच थोरली," ती म्हणाली. त्या दालनातलं तिनं फक्त फरशी तेवढी पाहिली.

पण खरा धक्का पुढच्या दालनात होता. मी मुद्दाम मागं रेंगाळलो, म्हटलं यांना बोलू द्यावं. बराच वेळ दोघं नुसतीच उभी. बोलायचं होतं, पण निरोप न्यायला मूल नव्हतं! शेवटी काका एका काचेच्या कपाटापुढं थांबले. आत चिलखत घातलेला मातीचा शिपाई होता. काका घसा खाकरून त्याला म्हणाले, "बाळा, तुज्या आईला इचार, शिवऱ्याच्या स्थळाचं काय करायचं."

काकी शिपायाकडं बघून म्हणाली, "तुज्या बाला सांग, आमाला काय कळतंय."

"तिला म्हनावं, तुला कळतंय म्हनून तर इचारतोय."

पहारेकऱ्याचा आ वासलेलाच राहिला. मी त्याला बाजूला घेऊन काहीतरी बोलत राहिलो, काय ते मला आता आठवत नाही.

पुढं तोच प्रकार. काकांनी एका भुसा भरलेल्या वाघाला विचारलं, जुन्या पालखीला विचारलं, एका संगमरवरी मडमेलाही विचारलं. काकी दर वेळी म्हणायची, "त्यास्नी सांग, आजून बगू." शुक्रवार जवळ आला. काकांना जेवण जाईना. हिनं तोंड उघडलं नाही तर पोरगी गेली, हे त्यांना कळत होतं, आणि मलाही. अखेरीस गुरुवारी सकाळी, शेवटच्या संग्रहालयात, मांडून ठेवलेल्या जुन्या पाळण्यापाशी काका थांबले आणि या वेळी कुणाचीही मध्यस्थी न घेता सरळ तिच्याकडं वळले.

"तू सांग. देऊ का नको?"

काकीनं मान वर केली. सोळा वर्षांत तिनं त्यांच्याकडं अशी नजर वर करून पाहिलं असेल असं मला वाटत नाही. "न्हाई द्यायची," ती म्हणाली.

दुपारच्या यस्टीनं ती दोघं परत गेली. पुढचं मला आईनं सांगितलं. शुक्रवारी पाहुणे ओसरीवर बसलेले असताना काका उभे राहून म्हणाले, "पोरीची आई न्हाई म्हनती." आबांच्या हातातली सुपारी खाली पडली. "बाईला इचारलंस?" "व्हय. पुन्याला जाऊन इचारलं. हितं सोय न्हाई." पाहुणे चहा टाकून उठले. आबा त्यानंतर काकांशी बोलेनासे झाले. त्यांनाही मग धाकट्याचीच मदत घ्यावी लागली: "तुज्या बाला सांग, गवत संपलंय." पोरगी मात्र घरीच राहिली, आणि बऱ्याच वर्षांनी किकवीचं स्थळ आलं तेव्हा काकांनी तिलाच समोर बसवून विचारलं. ती तिथं सुखात आहे.

काका जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. मध्ये एकदा गुंजवण्याला गेलो होतो तेव्हा काकी अंगणात तांदूळ निवडत बसली होती. गप्पांच्या ओघात मी तिला म्हणालो, "काकी, एवढं साधं उत्तर, त्याला तू गुरुवार उजाडेपर्यंत का थांबलीस? काकांचा जीव टांगणीला लागला होता."

"आरं, उत्तर तर जातानाच तयार हुतं," ती म्हणाली. "शिवऱ्याला यस्टी थांबली, तर पोरीला बगून गेल्याला त्यो बिजवर सडकंलाच उभा हुता. आपल्या म्हाताऱ्या आईवर वराडत हुता. तवाच ठरलं."

एवढी धडधाकट लबाडी काकीच्या पोटात असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुजा काका तितनंच मागं फिरला असता." तिनं सुपातला एक खडा उचलून लांब फेकला आणि मान खाली घालून म्हणाली, "आन जल्मात पयल्यांदा मला इचारत हुता रं. म्हनलं, इचारू दे आजून जरा."

हे ऐकायला काका असायला हवे होते, असं मला त्या क्षणी फार वाटलं.