जैसे थे भाऊजी

माझ्या धाकट्या दिरांना नातेवाईक ‘जैसे थे’ म्हणतात. आम्ही घर बदललं तेव्हा कपाट त्यांनी हलवलं, तर आतली फाटकी पिशवीसुद्धा नव्या घरी त्याच खणात, त्याच कोपऱ्यात. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात हा गुण असेल, घरात मात्र डोक्याला ताप.

आमचं पाट्या बनवायचं दुकान. माझे यजमान आणि मधले दीर नाना एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीनं, आपापल्या लॉगिननं काम करतात. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या पाटीवर बाण उलटा छापला गेला आणि चूक कोणाची यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. ह्यांनी रागाच्या भरात आपल्या फाइलींना कुलूप घातलं. नानांनीही घातलं असणार, असं सगळे धरूनच चालले. तेव्हापासून निरोप पोचवायचं काम माझ्या गळ्यात. एकमेकांची शिंक ऐकू येईल इतक्या अंतरावर बसलेल्या माणसांचे निरोप! मी अगदी मेटाकुटीला आले होते.

परवा जुनी हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. धाकटे भाऊजी नवी घेऊन आले. मी त्यांना बाजूला घेतलं.

“भाऊजी, हलवताना ती कुलुपं तेवढी विसरा ना. एकमेकांचं काम दिसलं तर बोलतील तरी.”

“वहिनी, नुसत्या फाइली ओढून टाकल्या तर कुलुपं गळतात, खरंय. पण फाईल कोणाची, कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे सगळं तिच्याबरोबर गेलंच पाहिजे. नाहीतर कॉम्प्युटरचं गाडंच चालणार नाही.”

“आणि घरचं गाडं अडलंय त्याचं काय?”

“ते ह्या डिस्कवर नाही.”

मला असा संताप आला, की त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

काम झाल्यावर वापरणाऱ्यालाच समोर बसवून तपासून घ्यायची त्यांची पद्धत, आणि तेव्हा पाळी ह्यांची होती. ह्यांना म्हणाले, “दादा, जे उघडायला हवं ते उघडून बघ, आणि जे उघडू नये तेही.” ह्यांनी तोंड वाकडं करत नानांच्या फोल्डरवर क्लिक केलं. ते उघडलं.

“काय रे, घातलास ना घोळ?”

भाऊजींनी जुनी डिस्क पुन्हा जोडली आणि तिथलं फोल्डर दाखवलं. “इथेही असंच आहे. नानानं तुला कधी बंद केलंच नव्हतं. तू उघडून बघितलं नाहीस.”

ह्यांनी ते फोल्डर बंद करून पुन्हा उघडून बघितलं. मग म्हणाले, “माझंही कुलूप काढ. दिसू दे त्याला.”

“मला हलवायला सांगितलंस, मी हलवलं. कुलूप तू लावलंस, तूच काढ.”

ह्यांना ते जमेना. इकडे क्लिक, तिकडे क्लिक, मध्येच चष्मा पुसणं. भाऊजी स्क्रू पिळत ढिम्म बसून. शेवटी ह्यांनी मान न वळवता पलीकडे कटिंग मशीनवरच्या नानांना विचारलं, “नाना, हे कसं काढतात रे?”

मशीन थांबलं. मी सवयीनं निरोप न्यायला उठले.

“तुम्ही बसा वहिनी,” नाना म्हणाले, “मी येतोय.”

मी बसले, आणि मला रडूच आलं.