अण्णांच्या गाडीचं इंजिन

सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, डिझेलचा धूर खिडकीतून आत आला आणि मी थेट मुलुंडच्या जुन्या घरी पोचले. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल.

माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, आठ सिलिंडरची लाल अमेरिकन गाडी होती. ते ती सुरू करायचे तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. शेजाऱ्यांच्या छोट्या गाड्यांना ते हसत ‘शिलाई मशीन’ म्हणायचे. हळू बोलणाऱ्या माझ्या दादालाही तेच नाव, तेही चारचौघांत.

मग अण्णांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दादाने गाडी कुर्ल्याच्या एका गॅरेजात नेली. पेट्रोल परवडत नाही म्हणून तेव्हा बरेच जण असल्या गाड्यांत टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेत. आम्हाला ते शहाणपणाचंच वाटलं.

गाडी परत आली तेव्हा दादाने अण्णांची खुर्ची खिडकीशी सरकवली आणि खाली गेला. लाल रंग नव्यासारखा चकाकत होता. दादाने किल्ली फिरवली. टकटक, टकटक आणि काळा धूर.

"आता कशी सभ्य झाली, अण्णा!" तो खालून म्हणाला. "ऐकताय ना?"

अण्णांनी डोळे घट्ट मिटून घेतले. मूर्खासारखं मला वाटलं, समाधान झालं त्यांचं.

ती गाडी घेऊन दादा कधीच कुठे गेला नाही. पण अण्णा गेले त्या दिवसापर्यंत रोज सकाळी तो ती खिडकीखाली सुरू करायचा आणि वर बघत उभा राहायचा.