पाहून राहिलो

माझ्या जावेचं सगळं आयतं जमतं. मी पहाटे उठून महाराजांची पोथी वाचते, एकादशी नुसत्या पाण्यावर काढते. ती एकादशीला विसरून कांदेपोहे खाते आणि वर "अवो माय!" म्हणून हसते. तरी लेक मुंबईला चांगल्या घरी पडली ती तिचीच, नातू झाला तो तिलाच. आम्ही बाळापूरकडची पिढ्यान्‌पिढ्या फुलं पिकवणारी माणसं, पण हिच्या अमरावतीच्या गच्चीवरच्या कुंडीतला मोगरा आमच्या मळ्याच्या आधी फुलतो. देवाच्या दारी न्याय आहे की नाही, हा प्रश्न मला पोथी वाचतानासुद्धा पडायचा. लिहायला लाज वाटते, पण पडायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या नातवाच्या बारशाला आम्ही दोघी मुंबईला गेलो. परतीची तिकिटं तिच्या लेकीनं काढली, तीही विमानाची. आता अमरावतीला विमान उतरतं, तिथून तिला घरी सोडून मी त्याच गाडीनं अकोल्याला जाणार होते. माझा तो पहिलाच विमानप्रवास. खिडकीची जागा अर्थातच तिची निघाली. मी आपलं तोंडदेखलं म्हटलं, "बस वो, तूच बस." तर ती खरंच बसली! सगळ्या वाटेत ती काचेला नाक लावून "बाई, पाहा ना" करत होती आणि मी तिच्या अंबाड्याकडे पाहत होते.

अमरावती जवळ आली. खाली शेतं, पत्र्याची घरं दिसू लागली. विमान उतरता उतरता एकदम घरघरून पुन्हा वर चढलं आणि गोल फिरू लागलं. मग पायलटचा आवाज आला, बाईमाणसाचा. आधी इंग्रजीत बोलली, मग हिंदीत. त्या गोंधळात कोणाला काही कळलं नसावं, मागे एक म्हातारी मोठ्यानं रडायला लागली होती. तेव्हा तोच आवाज पुन्हा आला, "मंडळी, मी तेल्हाऱ्याची हाय. समोरचं चाक उतरल्याचा दिवा लागून नाही राहिला. चाक उतरलं असंल, पण खात्री करा लागते. घाबरू नका, आमी पाहून राहिलो."

घरच्या ओट्यावर बसून बोलावं तशी बोलली ती. माझ्या पलीकडच्या जागेवर पुण्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "राहिलो म्हणजे? काय राहिलंय यांचं? बघायचं राहून गेलं का?" त्याही स्थितीत मला हसू फुटलं. मी म्हटलं, "राहिलं काही नाही भाऊ. पाहून राहिलो म्हणजे पाहणं चालू हाय. डोळा हटवला नाही अजून." ते थोडे सावरले. मी मात्र नाही सावरले. दुसऱ्याला अर्थ सांगणं सोपं असतं.

उतरताना डोकं खाली घालून बसायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि पोथी आठवायला गेले, तर एक ओवी आठवेना! इतकी वर्षं वाचलेली पोथी कोरी झाली. शेजारी जाऊ शांत बसलेली, तिचा हात माझ्या हातावर, जराही कापत नव्हता. माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! शांतीसुद्धा हिलाच? आणि माझ्या ओठांवर जे आलं ते असं होतं: महाराज, हिच्या आधी मला वाचवा, हिला सगळं मिळालंय, आता माझा नंबर. विमान जमिनीला टेकेपर्यंत मी हेच पुटपुटत होते.

चाक धड होतं. विमान थांबलं तेव्हा बाहेर आगीचा बंब उभा दिसला आणि लोक रडत-हसत टाळ्या वाजवू लागले. दाराशी ती पायलटबाई उभी होती, माझ्या भाचीच्या वयाची. मी तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "बाई, त्या वेळी कोणाचं नाव घेतलं वो तुमी?" ती म्हणाली, "आमच्या घरी बुद्धवंदना असते काकू. पण तवा ते बी नाही सुचलं. हात कामात होते."

"भेव नाही लागला?"

"लागला ना. पण तुमाले सांगून काय फायदा होता?"

तिचे हात बर्फासारखे गार होते. मला तिचाही हेवा वाटला. इतकं भय पोटात ठेवून दुसऱ्याला धीर देता यावा, हे मला कधी जमलं नव्हतं. पण त्या हेव्यातच माझे हात आपोआप जोडले गेले.

गाडीत बसल्यावर जाऊ म्हणाली, "बाई, तुमी होत्या म्हणून मी निवांत होती."

"मी काय केलं?"

"तुमचे ओठ हालून राहिले होते ना. म्या म्हटलं, बाईची पोथी चालू हाय, आता आपण काहून भ्याचं?"

माझ्या तोंडून निघालेलं ते मागणं महाराजांनी ऐकलं असतं तर? त्यांनी ते सोडून दिलं आणि माझे नुसते हलणारे ओठ तिच्या कामी लावले. विमान सांभाळणाऱ्या त्या मुलीला मी रोज पहाटे नमस्कार करते. आणि आता महाराजांकडे नावानिशी काही मागत नाही. त्यांना काय द्यायचं ते कळतं, आणि माझ्याकडून काय घ्यायचं तेही.

त्या दिवशी गाडीत खरं काय ते जावेला सांगावं असं फार वाटलं. पण तिचा हात अजून माझ्या हातावर होता. मी म्हटलं, "हो वो, पोथीच म्हणून राहिली होती."