दोघींची खरूज

"खुर्चीला हात लावू नकोस," बाई म्हणाली. माझ्या आईला. मी समोरच उभी होते. पांढऱ्या कोटात.

वाशीच्या त्या हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन. साताऱ्याकडची, घरातली पहिली ग्रॅज्युएट. आई जुईनगरला या बाईच्या सासूला सांभाळायची. त्या आजीही तपासायला सोबत आल्या होत्या. मी तिची मुलगी, हे बाईला ठाऊक नव्हतं. आईनं डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नको. मी बोलले नाही. त्याची लाज अजून जात नाही.

"डॉक्टर, हिनंच घरात आणलं हे. ही माणसं आंघोळ तरी करतात का?"

सर हसले. याच सरांनी मला नोकरी दिली. मी त्यांच्या पाया पडले होते.

"दोघींचे नमुने घे," ते म्हणाले. "खरजेचे दोन प्रकार आयते मिळाले तुलनेला. फॉर्मवर 'संसर्ग कुठून' आहे, तिथे 'कामवाली' लिही."

आईच्या बोटांच्या बेचक्यात पुरळ. खाजवून रक्त आलेलं. काचपट्टीवर खूप शोधलं तेव्हा एक किडा दिसला. एकच.

आजींच्या तळहातांवर जाड खपल्या. खाज जवळजवळ नाही. घरचे सोरायसिस समजून स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यानं खाज दबते, आणि खरूज आत माजते. त्यांच्या काचपट्टीवर जिथे बघावं तिथे किडे, अंडी.

ते मलम रोज कोण चोळत होतं? माझी आई. उघड्या हातांनी.

मी सरांच्या खोलीत परत आले. विचारलं, "मॅडम, आजींना हे कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"आई तुमच्याकडे लागली तीन महिन्यांपूर्वी. हे आजींकडून तिला आलंय."

"आई? कुणाची आई?"

"माझी."

बाई खुर्ची मागे सारून उठली. "म्हणजे घाण आमच्या घरात?"

"घाणीनं होत नाही हे. तुमच्याही नाही, आमच्याही नाही. घरातल्या सगळ्यांना औषध घ्यावं लागेल."

"फॉर्म मी सांगतो तसा भर," सर म्हणाले.

आई कळवळली. "आगं, गप की! काम जाईल माझं."

गेलंच. त्याच दिवशी, फोनवरून.

सर म्हणतात, माफी लिहून दे आणि फॉर्म दुरुस्त कर. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या उपकारांपायी माझ्या आईला रोगाचं मूळ ठरवणार नाही. 'आजींकडून, त्यांची सेवा करणाऱ्या बाईला' असं लिहून मी खाली सही केली आहे. खोडायचं असेल तर सरांनी स्वतःच्या हातानं खोडावं. आणि शेजारी त्यांची सही करावी.