साहेबराव दाभाडे यांची गाडी आणि तिसरं पत्र

श्री. साहेबराव भिकाजी दाभाडे, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय शिक्षक, बांधा मध्यम, ओळखखूण उजव्या भुवईवर जुना व्रण. सदर इसम मौजे वडखोरी येथे, म्हणजे नोकरीच्या मुख्यालयी, सहकुटुंब व कायम वास्तव्यास असून तसा ग्रामसभेचा ठराव दप्तरी दाखल आहे. वाहन एक, पांढरे, डिझेल. वर्तणूक चांगली.

ठराव खरा आहे, शिक्काही खरा आहे. साहेबराव राहतात शहराच्या कडेला, पडेगावात. वडखोरी खुलताबादच्याही पलीकडं, घाट चढून. शाळेतले सगळेच मास्तर शहरातून अप-डाऊन करतात आणि कागदावर सगळेच गावात राहतात, कारण घरभाडं भत्ता गावात राहणाऱ्यालाच मिळतो. हे गावाला ठाऊक आहे. तपासणीला येणाऱ्या साहेबांनाही ठाऊक आहे. तेही अप-डाऊनच करतात.

साहेबराव त्यातल्या त्यात नेटके. गाडी घेतली तेव्हा कागदाला कागद जुळावा म्हणून त्यांनी तिची नोंदणीसुद्धा वडखोरीच्या पत्त्यावर केली. बाकीच्या मास्तरांना एवढं सुचलं नव्हतं.

पुढं ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या डिझेल इंजिनांबद्दल एक गोष्ट उघडकीला आली. इंजिनातलं सॉफ्टवेअर तपासणीच्या वेळी कमी धूर दाखवायचं आणि रस्त्यावर मनाला येईल तेवढा सोडायचं. सरकारनं ते बदलायचा हुकूम काढला. कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरं. साहेबरावांना यात गाडीचा फारसा दोष दिसला नाही.

कंपनीनं मालकांना पत्रं पाठवली. साहेबरावांची पहिली दोन वडखोरीला गेली. ज्या ग्रामपंचायतीनं ते गावात राहतात असा ठराव केला होता, तिच्याच शिपायानं पोस्टमनला सांगितलं, ‘‘दाभाडे सर? ते कुठं ऱ्हातेत इथं!’’ पत्रं परत गेली. तिसऱ्या खेपेला पोस्टमन नवा होता. तो कुणाला न विचारता सरळ शाळेत आला.

तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं की पंधरा दिवसांत सॉफ्टवेअर बदलून घ्यावं, नाहीतर गाडीला धुराचं प्रमाणपत्र मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सोमनाथ सरांनी ते वाचलं. सोमनाथ सर याच गाडीतून येतात आणि वाटभर बोलतात.

‘‘करू नका सर. माझ्या साडूनं केलं. गाडीचा पार बैल झाला बैल. घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाईना.’’

‘‘नाय केलं तर गाडी दारात लावावी लागंल.’’

‘‘मग गावात ऱ्हा की. कागदावर ऱ्हाताच, अंगानं बी ऱ्हा!’’

सोमनाथ सर एकटेच हसले. साहेबरावांनी समोरच्या डंपरला मागं टाकलं आणि मनात हिशेब सुरू केला. हिशेब मिनिटांचा होता.

त्यांची बायको आशाबाई दोन वर्षांपासून खाटेवर आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली, एक शब्द तेवढा राहिला. दिवसा सांभाळायला आवडाबाई येते. ती साडेनऊला येते, त्याआधी येऊ शकत नाही, कारण नऊपर्यंत तिला मुकुंदवाडीच्या एका म्हाताऱ्याची आंघोळ उरकायची असते. शेजारचे दोघंही त्या वेळी कामावर गेलेले असतात. शाळेची हजेरी सव्वादहाला, मोबाइलवर, शाळेच्या आवारात उभं राहून स्वतःचा फोटो काढून. दुसऱ्याची लावता येत नाही. तेव्हा साडेनऊला आवडाबाई आत, साहेबराव बाहेर. पंचेचाळीस मिनिटं. घाटात डंपर मागं टाकता आले तर पुरतात.

रविवारी ते जालना रोडवरच्या वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवर अभय नावाचा तरुण होता, इस्त्रीच्या शर्टातला.

‘‘ओढ कमी होती का हो?’’

‘‘तसं काही नसतं काका.’’ त्यानं इकडंतिकडं पाहिलं. ‘‘थोडी होते. चढाला. पण पहिल्या पत्रात होतं ना, सहा महिन्यांत आलात तर सोबत एक पार्ट फुकट बसवून देऊ म्हणून. ज्यांनी बसवला त्यांना काही फरक नाही.’’

‘‘तो बसवा मग.’’

‘‘योजना संपली. आता येतच नाही तो पार्ट, विकतसुद्धा नाही. तुम्हाला पत्र नाही आलं का?’’ त्यानं पडद्यावर पाहिलं. ‘‘दोनदा पाठवलंय. ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा आहे. पत्ता चुकीचा दिला होता का काका?’’

‘‘नाय,’’ साहेबराव म्हणाले, ‘‘पत्ता बरोबर आहे.’’

त्या दिवशी त्यांनी गाडी तशीच परत आणली. दुपारी आशाबाईला पेज भरवताना त्यांनी विचारलं, ‘‘करून घेऊ का मग?’’

‘‘बरं,’’ आशाबाई म्हणाली.

‘‘का नको करू?’’

‘‘बरं.’’

साहेबरावांनी तिचं तोंड पुसलं, वाटी विसळली. बदली मागायची तर अर्जाला पाच वर्षांची अट, त्यांची तीन झालेली. गावात राहायचं तर शहरातले व्यायामवाले डॉक्टर घाट चढून येणार नाहीत. एस.टी. वडखोरीच्या फाट्यावर साडेअकराला सोडते. एवढं सगळं चौदा दिवस पुन्हा पुन्हा मोजून झालं. पंधराव्या दिवशी त्यांनी किरकोळ रजा टाकली, आशाबाईला आवडाबाईच्या हवाली केलं आणि गाडी वर्कशॉपमध्ये नेली.

काम दोन तासांत झालं. अभयनं चहा दिला. गाडीला जोडलेली संगणकाची वायर काढली. पावती दिली.

सोमवारी घाटाच्या पहिल्याच वळणावर पुढं मुरमाचा डंपर होता. साहेबरावांनी पाय दाबला. गाडीनं ऐकून घेतलं आणि डंपरमागंच राहिली.

‘‘म्हन्लो नव्हतो?’’ सोमनाथ सर म्हणाले.

शाळेत पोचायला साडेदहा झाले. मंगळवारीही साडेदहा. बुधवारी केंद्रप्रमुखांनी लेखी विचारणा केली. गुरुवारपासून साहेबराव सव्वानऊलाच निघू लागले.

त्याच आठवड्यात कंपनीचा संदेश आला: ‘प्रिय ग्राहक, आपल्या वाहनातील सुधारणा यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. तिचा वाहनाच्या दैनंदिन वापरावर कोणताही परिणाम होत नाही. आपले समाधान पाच ताऱ्यांत नोंदवा.’ साहेबरावांनी पाच तारे दाबले.

सव्वानऊ ते साडेनऊ आशाबाईजवळ कोणी नसतं.