अर्ध्या बोटाचं कोडं

काटेवाडीत गेणबाच्या गुऱ्हाळावर कुंडलिक गुळव्या होता. काहिलीतला पाक गुळाला आला की नाही, हे ठरवायचा मान त्याचा. हात गार पाण्यात बुडवायचा, उकळत्या पाकाचा चिमटा घ्यायचा, परत पाण्यात हात, आणि बोटांत गोळी वळून बघायची. ती मनासारखी झाली की काहील उतरायची. तोवर खुद्द गेणबानंही तोंड मिटून उभं राहायचं.

छत्तीस सालच्या हंगामात याच हाताची करंगळी बधिर झाली. बधिर बोट म्हणजे महारोग, हे कुणी सांगायला नको होतं. मग गावाबाहेर खोपट. अशा हातचा गूळ कोण खाणार? तो कुणाजवळ बोलला नाही, बायकोजवळही नाही.

पण माणूस भारी चौकस. भ्यायलेला असला तरी त्याचं डोकं काही गप्प बसेना. बांधावर बसून बाभळीच्या काट्यानं तो हात टोचत सुटला. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत सगळं शाबूत, करंगळी ठार. अनामिकेवर मात्र तो चक्रावला. करंगळीकडची अर्धी बाजू बधिर, आणि उरलेल्या अर्धीला काटा लागला की कळ थेट टाळूला. तळव्यावरून मनगटापर्यंत तीच हद्द, त्याच्या वर हात शाबूत. रोग एका बोटाची वाटणी कशी करेल? भाऊबंदकी काय बोटातही असते? भीतीपेक्षा हे कोडंच त्याला जड झालं आणि बाजाराच्या दिवशी तो बारामतीला आगाशे डॉक्टरांपुढं जाऊन बसला.

डॉक्टरांनी आधी अंगावर चट्टे शोधले. मग दोन्ही कोपरांमागं बराच वेळ चाचपलं. उजव्या कोपराच्या आतल्या खाचेत टिचकी मारली, तशा थेट करंगळीपर्यंत मुंग्या धावल्या.

"बोट तर मेलंय," कुंडलिक म्हणाला. "मग ह्ये कुठनं आलं?"

"मेलेलं नाही, वाट अडलीय. मेंदू आणि पाठीचा कणा म्हणजे कालवा समजा. त्याला नसांच्या चाऱ्या फुटतात. पंजाला तीन मोठ्या येतात. अनामिका हे दोन चाऱ्यांवर भिजणारं वावर. त्यातली एक कोपरामागून, अगदी कातड्याखालून जाते. ती दाबली की तिच्याकडचे वाफे कोरडे."

"पर सायेब, पानी तर खालीच वाहतं. मग काटा टोचलेला वर कसा कळतो?"

डॉक्टर खूश झाले. "इथं माझा कालवा फसला खरा. नसेच्या एकाच दोरात दोन तऱ्हेचे तंतू असतात. काही खबर वर नेतात, काही हुकूम खाली आणतात. बोटं फाकवा बघू." करंगळी नीट फाकेना. "बघा, हुकूमही अडलाय."

"आन् काळजाला कोन हुकूम देतं?"

"काळजाचा वेग, घाम, आतडी यांचे तंतू निराळे. ते तुम्हाला विचारत नाहीत."

"बरं हाय. मला इचारलं असतं तर ह्या भ्यानं मी कवाच बंद केलं असतं."

मग डॉक्टरांनी विचारलं, काहिलीपाशी बसता कसे? कुंडलिकानं उजवं कोपर टेबलावर रोवलं, तळव्यावर गाल टेकला आणि पाकाकडं बघतो तशी नजर लावली. पाक आटेपर्यंत तो दगडी कट्ट्यावर असाच बसायचा. डॉक्टरांना हसू आवरेना.

"महारोगात हीच नस जाड होते, म्हणून चाचपली. तुमची तशी नाही, चट्टाही नाही. कोपर टेकणं सोडा. बोट सावकाश येईल. नाही आलं तर मला दाखवा."

घरी जेवण झाल्यावर त्यानं छबूबाईला, बायकोला, सगळं सांगितलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "तापल्या तव्याला तुमची करंगळी लागली, आन् तुमी आपलं बोलतच राह्यलात. तवाच वळखलं."

नवऱ्याच्या मागून त्याच्याच ताटात बायकोनं जेवायची रीत, आणि ही बाई एक दिवसही चुकली नव्हती.

"आन् तरी माज्या ताटात जेवत व्हतीस?"

छबूबाईनं त्याचं ताट पुढ्यात ओढलं आणि भाकरी मोडली.

"मग काय शेजाऱ्याच्या ताटात जेवू?"