विमान कंपनीबद्दल देवस्थळींचं मत

बदलापूरच्या कात्रप भागातल्या त्या सोसायटीत दिनानाथ देवस्थळींना त्यांचं मत विचारायची वेळ कधी कोणावर आली नाही, कारण विचारायच्या आधीच ते देऊन झालेलं असायचं. त्यामुळे एक विमान कंपनी बुडायला आली आणि तिने सरकारपुढे हात पसरले, ही बातमी आली त्या संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर टेकता टेकताच ते म्हणाले, "सरकारने एक दमडी देऊ नये. मार्केटमध्ये धंदा करायची हौस होती ना? मग बुडा."

वास्तविक त्याच कंपनीत त्यांची मुलगी हिमानी विमानांच्या देखभालीची इंजिनिअर होती. म्हणून शेजारचे श्यामकांत जरा बिचकतच म्हणाले, "अहो, पण ही बंद पडली तर उरलेल्या कंपन्या तिकिटं वाट्टेल तशी वाढवतील. मार्केट मार्केट म्हणता, पण मार्केटला निदान चार दुकानं तरी लागतात की नाही?"

"वाढवू देत. मी अलिबागला एसटीने जातो. माझ्या करातून ह्यांची विमानं कशाला उडवायची?"

माणूस दुष्ट नव्हता हो. पण ह्या बाबतीत दुखणं जुनं होतं. अंबरनाथला मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्स सुपरवायझर होते. एका सकाळी गेटला टाळं दिसलं, आणि कोणी मंत्री फिरकला नाही, कुठे चर्चा झाली नाही. पुढे देवस्थळींनी उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत फिरून मोटारी आणि शिलाई मशिनं दुरुस्त केली, शेठ लोकांचं "जल्दी करो, माल अटका है" ऐकून घेतलं, पण हिमानीचं शिक्षण थांबू दिलं नाही. तेव्हापासून त्यांचा एकच हेका होता. मला कोणी वाचवलं नाही, तरी मी बुडलो नाही. मग ह्यांचे लाड कशाला? ह्यात अभिमान किती आणि राग किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

हिमानीचा पगार थांबला. उड्डाणंही थांबली. तरी ती डबा घेऊन कामाला जात राहिली. एका रविवारी जेवताना देवस्थळींनी विषय काढलाच.

"पगार नाही, उड्डाणं नाहीत. मग तिथे जाऊन करतेस काय?"

"चाकं फिरवते."

"म्हणजे?"

"विमान एका जागी उभं राहिलं की टायर खालून चपटे होतात, बाबा. म्हणून अधूनमधून चाकं थोडी फिरवून ठेवावी लागतात. इंजिनं झाकलेली आहेत ना तेही बघायचं, नाहीतर आत पक्षी घरटी करतात. उद्या कोणी कंपनी घेतली तर विमानं उडण्यासारखी नकोत का?"

देवस्थळींचा घास हातातच राहिला. टाळं लागल्यावर तेही वॉचमनला सांगून मागच्या दाराने आत जायचे, पंपांना ग्रीस द्यायचे, जाम होऊ नयेत म्हणून शाफ्ट हाताने फिरवून ठेवायचे. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आता सांगितली, ती मुलीला शहाणं करण्यासाठी.

"आणि शेवटी काय झालं? भंगारवाले आले. गॅस कटरने माझे पंप कापले. वरचं ग्रीससुद्धा ताजं होतं. सोड ते खूळ. दुसरी नोकरी बघ."

हिमानी म्हणाली, "बुधवारी सरकारी अधिकारी आम्हाला भेटणार आहेत. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं ठरलंय. तुम्ही चला."

"मी? मी तर म्हणतो, बुडू दे."

"तुमच्या वेळी कोणी आलं असतं, तर नको म्हणाला असतात?"

देवस्थळींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते तसंच मिटलं. मग चिडून म्हणाले, "खोटं बोलणार नाही हं मी तिथे."

"नका बोलू. पण या."

बुधवारी निघताना सुनंदाबाईंनी नवऱ्याला दारात गाठलं. "अहो, पोरीचं नुकसान होईल असं काही बोलू नका." देवस्थळी चपला घालत राहिले. त्यांनाही तीच धास्ती होती.

सरकारी कचेरीत एकाची आई बोलता बोलता रडली, कोणी घराच्या हप्त्यांचं सांगितलं. अधिकारी सभ्य होते. सगळं ऐकून म्हणाले, "तुमचं दुःख समजतं, पण सरकार मार्केटमध्ये ढवळाढवळ करू शकत नाही." तेवढ्यात देवस्थळी उठले. हिमानीच्या शेजारी बसलेल्या शौनकला, तिच्या सहकाऱ्याला, त्यांची मतं ऐकून माहीत होती. तो कुजबुजला, "काय बोलणारेत ते?"

"माहीत नाही," हिमानी म्हणाली.

"साहेब, मालकाला एक दमडी देऊ नका," देवस्थळी म्हणाले. "ज्याने बुडवली त्यालाच परत पैसे द्यायचे नाहीत, इथवर तुमचं-माझं एकमत आहे. पण ही पोरं पगाराशिवाय विमानं सांभाळतायत. मार्केटला नवा मालक शोधायला वेळ लागणार. तोवर ह्या पोरांचा पगार सरकारने द्यावा. नुसता पगार, थेट त्यांच्या हातात."

"आजोबा, असा नियम नाही. उद्या बंद पडलेला प्रत्येक कारखाना हेच मागेल."

"मागू दे ना. मागायलाच पाहिजे. आम्ही मागितलं नाही, आम्हाला लाज वाटली. कोणी आलं नाही म्हणून राग धरला, आणि तो इतकी वर्षं भलत्यांवर काढला. माझ्या मुलीवरसुद्धा." ते बसले नाहीत. "नियम नसेल तर करा. मी परत येईन विचारायला."

ते खरोखरच परत गेले, पुन्हा पुन्हा गेले. बाहेरचा शिपाई त्यांना नावाने ओळखू लागला. नियम झाला नाही. कंपनीही उठली नाही. विमानं ज्यांच्याकडून भाड्याने घेतली होती ते ती घेऊन गेले. पण उडवत नेली, कापून नव्हे. हिमानीला त्याच कामावर हैदराबादला दुसरी नोकरी मिळाली. जाताना ती म्हणाली, "आता तरी कचेरीत जाणं थांबवा, बाबा." त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे तिला कळलं नाही.

परवा अंबरनाथला एका कारखान्याला टाळं लागलं. कामगार गेटसमोर उन्हात बसले होते. देवस्थळी बदलापूरहून पाण्याच्या बाटल्या घेऊन गेले आणि त्यांच्यात जाऊन बसले.

"काका, तुमचं कोण आहे इथे?" एकाने विचारलं.

"कोणी नाही," देवस्थळी म्हणाले. "साहेबाला भेटायला कधी जायचंय?"